सहा नंबरची होडी

जहाजावरून,
३ ऑक्टोबर

ती. स्व. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र पहिल्याच बंदरातून टाकणार होते, पण पहिले चार दिवस मी नुसती आडवी होते. पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं. आता पाय स्थिरावलेत आणि भूक अशी लागते की तुम्ही पाहिलंत तर विचाराल, सूनबाई नवऱ्याला भेटायला गेली की जेवायला?

आई, या जहाजावर काय नाही ते विचारा. अकरा मजले, पोहायला दोन तलाव, वाचनालय, न्हावी, दवाखाना, आणि दिवसभर कुठे ना कुठे कोणीतरी वाजवत असतं. सकाळी नऊला वरच्या डेकवर एक बाई पंचवीस म्हाताऱ्यांना हातपाय हलवायला लावते. मीही त्यात घुसते. घरी नऊ वाजता मला श्वास घ्यायला फुरसत नसते, इथे तो कसा घ्यायचा हे शिकवतात.

मात्र आम्ही अधिकाऱ्यांच्या बायका म्हणजे धड पाहुण्या नाही, धड कामावरच्या नाही. आल्याआल्या हातात नियमांचा कागद मिळाला. प्रवाशाला खुर्ची हवी असेल तर आपण उठायचं. खेळात भाग घ्यायचा, पण बक्षीस घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम मी वाचलाच नव्हता. परवा आकड्यांच्या खेळात माझा कागद सगळ्यांच्या आधी भरला आणि मी केवढ्यांदा ओरडले! बक्षीस मिळालं एक छत्री. यांना कळलं तेव्हा यांनी कपाळाला हात लावला. छत्री परत केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या तेवढ्या कोणी परत मागितल्या नाहीत.

तुमचे चिरंजीव ठीक आहेत. सेकंड इंजिनिअर म्हणजे काय ते आता कळतंय. दिवसातून दोन पाळ्या, आणि मधल्या वेळात काही बिघडलं की पुन्हा खाली. मला दिसतात कमी, घोरताना ऐकू येतात जास्त. मामांनी साबणाच्या कारखान्यात बॉयलरवरची जागा यांच्यासाठी धरून ठेवली आहे, पंधरा नोव्हेंबरच्या आत होकार कळवायचा आहे, हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. नवऱ्याला कायमचा घेऊन ये, असं तुम्ही निघताना बजावलंत तेही. पण अजून विषय काढलेला नाही. दमून आलेल्या माणसासमोर कसा काढू?

भिंगरीला तिच्या आईचा पापा. तुमच्या गुडघ्याचं कळवा. आहे तशीच माया राहू द्या.

तुमची सून


घरून,
११ ऑक्टोबर

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. छत्रीचं वाचून मी एकटीच इतकी हसले की हातातला फ्रॉक वेडावाकडा शिवला गेला. गिऱ्हाइकाला सांगितलं, नवीन फॅशन आहे. तिला आवडला.

भिंगरी मजेत आहे. माझ्या कात्रीने स्वतःचे पुढचे केस कापून घेतलेत, तेव्हा आलीस की दचकू नकोस. शाळेत त्यांना घरची माणसं काढायला सांगितली होती. हिने आई काढली, आजी काढली, आणि बाबांच्या जागी निळी बॅग. बाईंनी विचारलं तर म्हणाली की बाबा येतात तेव्हा दारातून आधी बॅगच आत येते. बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही.

म्हणून सांगते, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सरळ विचार. तो हट्टी आहे, माझं अकरा वर्षांत ऐकलं नाही, पण तुझं ऐकेल. रेडिओवर कुठल्याही समुद्रात वादळ झालं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. शिवण चुकली तर उसवता येते, समुद्रात चुकलं तर नाही, तेवढंच मला कळतं. बॉयलरवर निदान संध्याकाळी माणूस घरी येतो.

घरची काळजी नको. आमचा जीव तिकडे तुम्हा दोघांत अडकला आहे, तेवढं ध्यानात ठेव.

आई


जहाजावरून,
१९ ऑक्टोबर

ती. स्व. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

बॅगेचं वाचलं आणि तुमचं पत्र यांना दाखवायचं की नाही, यावर दोन दिवस गेले. शेवटी माझ्याच उशीखाली ठेवलं.

मधे एकदा हे मला खाली इंजिनरूम दाखवायला घेऊन गेले. आई, वर गालिचे आणि वाद्यं, आणि खाली तीन जिने उतरलं की भट्टी. कानावर जाड झाकणं लावूनही छातीत दणदण होते. तिथे हे पाइपावर हात ठेवून नुसते उभे राहिले आणि मग एका माणसाला खुणेने सांगितलं की तो तिसरा पंप बघ. खरंच त्यात काहीतरी ढिलं झालं होतं. तुम्ही मशीनच्या आवाजावरून सुई बदलता ना, अगदी तसं. घरी ज्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, तेच हे, माझा विश्वास बसेना.

पण शनिवारी संकटाच्या वेळची रंगीत तालीम झाली. घंटा वाजली की लाइफजॅकेट घालून आपापल्या होडीपाशी जाऊन उभं राहायचं आणि नाव पुकारलं की हो म्हणायचं. खोलीच्या दारामागे तक्ता आहे. माझ्या नावापुढे सहा नंबरची होडी. यांच्या नावापुढे होडीच नाही, नुसतं इंजिनरूम असं लिहिलंय. मला वाटलं, टाइप करणाऱ्याची चूक. हे म्हणाले, चूक कसली, पंप आणि दिवे चालू ठेवायला खाली कोणीतरी हवंच. कॅप्टन सोडतील तेव्हा वर यायचं, मग जी मिळेल ती होडी. हे सांगताना बूट पुसत होते! मी ऑफिसात जाऊन माझंही नाव होडीतून काढा म्हटलं. तिथल्या गृहस्थांनी फार सभ्यपणे नाही म्हटलं.

लग्नात मी जन्मभराची सोबत कबूल केली होती, त्यात होड्या वेगळ्या असतील असं कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा आता ठरलं. येत्या रविवारी यांना दुपारनंतर सुट्टी आहे. जेवण झालं की विषय काढते, आणि होकार घेतल्याशिवाय उठत नाही.

माझ्यावर भरवसा आहे, तो असाच ठेवा.

तुमची सून


जहाजावरून,
२७ ऑक्टोबर

ती. स्व. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा, आम्ही दोघं सुखरूप आहोत. आता बसून पुढचं वाचा.

रविवारी जेवण झालं. मी मनात वाक्य जुळवत होते, तोच यांनी चमचा खाली ठेवला आणि तळहात टेबलावर दाबला. मला काहीच जाणवलं नव्हतं. खुर्ची मागे सारून हे पळत गेले, आणि ते दारातून बाहेर पडतात न पडतात तोच सगळे दिवे गेले. इंजिन बंद पडलं होतं. वारा जोरात होता आणि खिडकीतून किनाऱ्याचे खडक दिसत होते. दहा मिनिटांनी घंटा वाजली.

मी काय करायचं होतं ते मला पाठ होतं. मी ते केलं नाही. सगळे वर निघाले आणि मी हातात लाइफजॅकेट घेऊन खाली पळाले. इंजिनरूमच्या लोखंडी दाराला जाड काचेची छोटी खिडकी आहे. तिच्यातून मला हे दिसले. बॅटऱ्यांच्या उजेडात चार माणसं, आणि हे कोपरापर्यंत तेलात. मधेच यांना कोणीतरी टेलिफोन दिला. यांनी ऐकलं, डोळे मिटले, एखादं वाक्य बोलले असतील, फोन ठेवला आणि पुन्हा वाकले. मग एक मोठा हुंदका दिल्यासारखं यंत्र सुरू झालं आणि दिवे आले.

तो फोन कसला होता ते मला नंतर कॅप्टननी सांगितलं. सहा नंबरच्या होडीत एक माणूस कमी भरत होतं. माझ्यापायी साठ म्हाताऱ्या प्रवाशांची मोजणी अडली, दोन खलाशी मला शोधत फिरले, आणि यांना कळवलं की तुमची बायको सापडत नाही. हे म्हणाले होते की तिला तुम्ही शोधा, मी इथून हललो तर सगळेच बुडतील. आई, मी सहा पावलांवर उभी होते. यांनी मान वळवली असती तर मी दिसले असते. पण मान वळवायलासुद्धा यांना वेळ नव्हता.

खोलीवर आल्यावर यांचे हात तेलाने इतके माखले होते की पाण्याचा पेला मी धरला. मग मात्र लग्नानंतर कधी बोलले नाहीत इतकं मला बोलले. मी ऐकून घेतलं, माझी चूकच होती. दुसऱ्या दिवशी टेबलाटेबलावर जाऊन त्या साठ जणांची माफी मागितली. त्यातल्या एका आजीबाईंना कळलं की मी कोणाची बायको, तर त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. मला इतका अभिमान वाटला आणि इतकं रडू आलं की दोन्हीतलं काय आधी करावं कळेना.

तुमचं पत्र आणि मामांच्या जागेचं मी काल यांना सांगितलं. बॅगेचं वाचून यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, तू सांग. तू म्हणालीस तर पुढच्या बंदरात राजीनामा देतो, पुन्हा कधी बोलून दाखवणार नाही.

आणि आई, मी थोडे दिवस मागून घेतले. आता तर मला तुमच्याहून जास्त भीती वाटते, कारण मी पाहिलंय. पण पाहिलंय म्हणूनच या माणसाला तिथून ओढून काढायला हात धजत नाही. मग वाटतं, उद्या काही झालं तर सगळे म्हणतील, तो उतरायला तयार होता, हिनेच उतरवलं नाही. भिंगरी मोठी होऊन तेच विचारेल. हे ओझं मला पेलत नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं यांना सांगते.

रागावलात तरी अंतर देऊ नका.

तुमची सून


घरून,
६ नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्याचाच राग आला. बायको सापडत नाही आणि हा फोन ठेवतो! दुसऱ्यांदा तुझा राग आला. तिसऱ्यांदा वाचताना डोळे भरून आले, म्हणून मशीन बंद करून ठेवली.

अकरा वर्षं शेजारीपाजारी विचारतात की मुलगा काय करतो, आणि मी सांगते, जहाजावर असतो. तो तिथे काय असतो ते मला तुझ्या पत्रातून कळलं. भिंगरीला खडकांचा भाग गाळून वाचून दाखवलं. तेव्हापासून ती टेबलावर तळहात दाबून दिवे जातात का बघते आहे.

आता मुद्द्याचं. मुलाला अडवायचा धीर माझ्यात नव्हता, म्हणून मी तुला पुढे केलं. ते बरं केलं नाही. तू त्याला काही सांगू नकोस, ना हो, ना नाही. मामाला नकाराचं पत्र मी लिहिलं आणि काल माझ्या हाताने पेटीत टाकलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की मुलगा उतरायला तयार होता, पण आई म्हणून मीच नको म्हटलं, आणि सुनेला यातलं काहीही विचारलेलं नाही. खोटं आहे ते मला ठाऊक आहे. मामाला ते पत्र फाडू नको, जपून ठेव असंही बजावलंय. उद्या काही भलतंसलतं झालं आणि कोणी तुझ्याकडे बोट दाखवलं, अगदी भिंगरीने दाखवलं तरी, ते पत्र काढून तिच्या हातात द्यायचं.

दोघं जपून राहा. माया मागावी लागत नाही, ती आहेच.

तुझी आई