पाणी लावायचं नाही

सोमवार, २ मार्च १९३६

घाम. पावडर. चिरूट. दिवसभर नाकात एवढंच.

काम मिळालं — साउथ स्टेट स्ट्रीटवरच्या थिएटरात. बायका स्टेजवर एकेक कपडा काढतात आणि मागे न बघता विंगेत भिरकावतात. तो जमिनीला लागायच्या आत मी झेलायचा. शाळा बंद पडेपर्यंत मी मुलांना कविता शिकवत होते. आता हे!

पहिला हातमोजा थेट तोंडावर आला. ओला होता. शेजारी उभा असलेला विदूषक म्हणाला, तोंड मीट मास्तरीण, अजून बरंच यायचंय. तेव्हापासून मी सगळ्यांची मास्तरीण.

मंगळवार, ३ मार्च

कपडेपट टटलबाईंकडे आहे. त्यांनी नियम सांगितले. आत शिट्टी वाजवायची नाही. झेलताना स्टेजकडे बघत बसायचं नाही. आणि कपड्यांना पाणी लावायचं नाही, कधीच. उलटे करायचे, स्वस्तातली जिन दारू फवारायची, वाऱ्यावर टांगायचे. का, असं विचारलं. म्हणाल्या, "का ते शाळेत. इथे फक्त नाही."

म्हणजे आळस. आळसाला नियमाचं नाव.

सगळ्यात वाईट बर्डीचा झगा. बर्डी इथली सगळ्यात जुनी, चाळिशी उलटलेली. झगा हिरवा, गळ्यापासून घोट्यापर्यंत टिकल्या. लांबून मासोळी. जवळून — काखेत पिवळी वर्तुळं, कॉलरवर जुन्या पावडरीची खपली. नाच संपला की ती छातीवरचे चिकटवलेले तारे ओरबाडून काढते, आरशाच्या कडेला लावून ठेवते आणि त्याच बोटांनी कांदा घातलेलं सँडविच खाते. मलाही अर्धं देऊ केलं.

बुधवार, ४ मार्च

जेवण गेलं नाही.

गुरुवार, ५ मार्च

शनिवारी दुपारच्या खेळाला मालक येणार. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, ते बघायला. मॅनेजर हॅल्पिन सगळ्यांसमोर बर्डीला म्हणाला, तो हिरवा झगा आहे तोवर तू आहेस. ती हसली. म्हणाली, "म्हणजे नाचतो तो. मी नुसती खुंटी." सगळे हसले. मग ती बराच वेळ भुवया रंगवत बसली. रंगवून झालेल्याच.

खोलीवर आल्यावर ट्रंक उघडली. आईचा राखाडी झगा कागदातून काढला. नोव्हेंबरात ती गेली, तेव्हापासून तो तसाच आहे. घातलेला नाही, धुतलेला नाही. लॅव्हेंडर, खळ, आणि कॉलरपाशी आई. थोडा वेळ नाक लावून बसले. मग थिएटरचा वास नाकातून गेला.

शुक्रवार, ६ मार्च

आज हिरवा झगा झेलताना डोक्यावरून आला. आत अंधार आणि बर्डी. ओकारी आली — खरोखरची. वाळूच्या बादलीत ओकले. विदूषकाने टाळ्या वाजवल्या.

दुपारचा खेळ संपल्यावर बर्डी जेवायला बाहेर गेली. संध्याकाळी तिचा दुसरा नाच होता, दुसऱ्या कपड्यांत. मी झगा तळघरात नेला. कढत पाणी, साबणाचा चुरा. मालक येणार — स्वच्छ दिसेल. उपकार करतेय असंच वाटत होतं!

पाणी हिरवं झालं. रंग जातोय म्हटलं, जाऊ दे. मग बोटं बुळबुळीत झाली. टिकल्या हाताखाली मऊ पडत होत्या, माशाच्या डोळ्यांसारख्या. मग नव्हत्याच. बाहेर काढला तेव्हा नुसते दोरे लोंबत होते.

टटलबाई जिन्यात उभ्या होत्या. "जिलेटिनच्या असतात गं त्या," म्हणाल्या. "जेली करतात ना, त्याच."

बर्डीला मीच सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कापडावरून हात फिरवला. म्हणाली, "उद्या काय घालू?"

शनिवार, ७ मार्च

कुणाचंच काही तिला होत नव्हतं. इतरजणी पोरसवदा, बारीक. बर्डीचे खांदे रुंद. आईचे होते तसे.

सकाळी राखाडी झगा नेला. तिने वर धरला. कुणाचा, विचारलं. घरचा, म्हटलं.

ती त्यात स्टेजवर गेली. गळ्यापर्यंत बटणं, केसांचा घट्ट बुचडा. हातमोजा काढला तो दोन बोटांनी, अंग चोरून, नाक मुरडून — मेलेला उंदीर धरावा तसा. थिएटर हसलं. दुसरा मोजा. आणखी हसलं. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती मी होते. मी झेलते, ते तसं.

मग हळूहळू ती नाक मुरडायची थांबली. हसणंही थांबलं. राखाडी झगा माझ्याकडे आला तेव्हा लोक पाय आपटत होते.

झेलला. गरम. ओला. कांदा.

मालक म्हणाले, ही राहू दे. बर्डीने मला मिठी मारली, रंग माझ्या गालाला. शिसारी आली, तशीच उभी राहिले. म्हणाली, टटलबाई असाच दुसरा शिवतील, तोवर आठवडाभर दे. दिला. जिन मारू नका, एवढंच टटलबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बुधवार, ११ मार्च

कॉलरच्या आतल्या शिवणीत अजून आई आहे. बाकी सगळी बर्डी.

शनिवार, १४ मार्च

बर्डीने झगा परत केला. नव्या कागदात, दोरी बांधून. स्वतः धुतला, दोन पाण्यांतून. इस्त्रीसुद्धा केली. "घे मास्तरीण," म्हणाली, "आता कसलाही वास नाही."

खरंच नव्हता.