टेंभुर्णीला थांबलेली गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिला. रांग होती. अंगठा दोनदा उमटला नाही. येताना भाजी. दुपारी पडून राहिलो, झोप नाही.

साडेसहाला तालीम, भवानी पेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये. बाक भिंतीला लावले, मधे सतरंजी. दुसरा अंक. आजारी आई आणि तिचा नवरा, दोघंच. आईचं काम लावण्या करते, गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला आहे. नवरा सलीम, एसटीत कंडक्टर. नाटक स्पर्धेसाठी, जाधव सरांनीच लिहिलंय, बसवतायतही तेच. शाळेत गणित शिकवतात.

मी प्रॉम्प्टर. लेकीने, राजीने, जुलैत पुण्याहून फोनवर सारखं लावून धरलं, "अप्पा, एकटे घरात बसू नका, कुठंतरी जात जा," म्हणून आलो. सरांनी विचारलं काय येतं. म्हटलं काही नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं बाटल्यांना लेबलं लावली. "मग प्रॉम्प्टिंगच करा. वाचता येतं आणि बोलायची सवय नाही. असाच माणूस पाहिजे."

बायको, महादेवी, गेली त्याला उद्या नऊ महिने.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज चुकलो. लावण्या वाक्याच्या मधेच थांबली. विसरली असं वाटून मी शब्द दिला. ती विसरली नव्हती, तिथे थांबायचंच होतं. सगळा सीन परत.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "काका, थांबलेला माणूस समोरच्याकडे बघतो. विसरलेल्याचे डोळे वर जातात. डोळे बघा, कागद नका बघू."

घरी येऊन संहितेत थांबायच्या जागी पेन्सिलीने रेघा मारल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

चहाच्या वेळी लावण्या शेजारी येऊन बसली. "काका, एक विचारू? राग मानू नका. मी कुणाला जाताना बघितलंच न्हाई. सर म्हणतात, तुझं मरणं सिनेमातल्यासारखं होतंय. तुमी काकूंजवळ होता की."

होतो म्हटलं.

"शेवटी काय करतं माणूस?"

सांगायचं नव्हतं. सांगितलं. नऊ महिने कुणाला सांगितलं नव्हतं ते चहा गार होईपर्यंत सांगून झालं. या वहीतही लिहिलं नव्हतं. आता लिहितो.

डॉक्टरांनी आशा नाही सांगितल्यावर तिला घरी आणली होती. सकाळपासून म्हणत होती, राजीला बोलवा. राजीला आठवा महिना, रक्तस्राव होऊन गेलेला, पलंगावरून उतरायचं नाही असं सांगितलेलं. कळलं असतं तर ती निघाली असती. म्हणून फोन केलाच नाही. महादेवीला मात्र सांगितलं, निघालीय.

मग ती दर थोड्या वेळाने विचारायची. शेवटी कन्नडच बोलत होती, माहेर अक्कलकोटकडचं. एल्लितनक बंद्लु? कुठपर्यंत आली? मी वाटेतलं गाव सांगायचो, भिगवण. मग इंदापूर. मग टेंभुर्णी. त्याच्या पुढे नेता येईना. मोहोळ म्हटलं असतं तर तासाभरात राजीला दारात उभी करावी लागली असती. म्हणून गाडी टेंभुर्णीलाच ठेवली. चहाला थांबलेत म्हटलं. तिने तीनदा विचारलं, तीनदा तेच सांगितलं. चौथ्यांदा चिडली. एवढा वेळ चहा पितात होय?

त्यानंतर बोलली नाही. साडेचारला गेली. दुपारच्या.

राजीला संध्याकाळी फोन केला. झोपेत गेली म्हटलं. कुणाचं नाव घेतलं नाही, त्रास झाला नाही. मातीच्या वेळी तिने फोनवरच दर्शन घेतलं.

माझा कप लावण्यानेच उचलून नेला.

९ नोव्हेंबर, रविवार

काल बरी झोप लागली. सात तास. बऱ्याच दिवसांनी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी दुसऱ्या अंकाची नवी पानं वाटली. वाचताना हात थांबला. आई विचारते, पोरगी कुठपर्यंत आली. नवरा सांगतो, भिगवण. इंदापूर. टेंभुर्णी. चहा पण आहे.

लावण्या माझ्याकडे बघत नव्हती. सरांनी मला बाजूला घेतलं. "काका, हिने सांगितलं. तुमची परवानगी पाहिजे. नाव कुठं येत नाही. पण असलं मला जन्मात सुचलं नसतं."

मी मान डोलावली. का डोलावली ते...

तालीम झाली. "एवढा वेळ चहा पितात होय?" याला हॉलमधले सगळे हसले. मग एकदम गप्प झाले. सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "हेच. हेच पाहिजे होतं."

जाताना लावण्या म्हणाली, "काका, चुकलं माझं. मला वाटलं सर नुसतं मला समजावून सांगतील." मी म्हटलं असू दे. कुणाला कळणार आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सलीमला गावं पाठ होईनात. भिगवणच्या आधी इंदापूर म्हणतो, टेंभुर्णी तर विसरतोच.

सर म्हणाले, "अरे कंडक्टर ना तू? थांबे विसरतोस?"

"सर, मेरी ड्यूटी अक्कलकोट लाइन की. पुणे का मेरेकू नक्को पूछो. और हातात तिकिटाचं मशीन द्या, मग बघा कसं आठवतं."

"मरणाऱ्या बायकोला तिकीट फाडून देतोस का?"

सगळे हसले. मीही हसलो थोडा.

नंतर नऊ वेळा तोच सीन. नऊ वेळा मी विंगेच्या जागी खुर्चीवर बसून हळू आवाजात टेंभुर्णी म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

राजीचा फोन. "अप्पा, स्पर्धेचा प्रयोग तीस तारखेला ना? रविवारच आहे, मी येते. बाळाला सासूबाई बघतील दोन दिवस."

म्हटलं, कशाला एवढी धावपळ. मी विंगेत असतो, दिसतसुद्धा नाही. नाटकही काही खास नाही.

"दिसायला कशाला पाहिजे? तुम्ही घराबाहेर पडताय तेच बघायला येते." मग बाळाला फोन दिला. ते नुसतं श्वास घेत होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सरांना म्हटलं, ती पानं काढता येतील का. त्यांनी चष्मा काढला. "काका, नव्या पानांसकट संहिता मंजूर होऊन आलीय. आणि अख्ख्या नाटकात तेवढंच तर खरं आहे. काय झालं? कुणी काही बोललं का?"

नाही म्हटलं. सहज विचारलं.

कारण सांगितलं असतं तर त्यांनी काढलंही असतं. जिभेवर आलं नाही.

सायकली लावतात तिथे लावण्या थांबली होती. "पोरगी येणार हाय व्हय? आन् तिला म्हाईत न्हाई."

नाही.

"मग आदी सांगून टाका की काका. फोनवर न्हाई, समोर बसवून. नाटकात ऐकण्यापरीस तुमच्या तोंडून ऐकू दे."

बरोबर बोलली.

२३ नोव्हेंबर, रविवार

राजीला फोन लावला. सांगायचं म्हणून लावला. बाळाला दुसरा दात आलाय. पुण्यात थंडी पडलीय. माझं गुडघ्याचं औषध संपलं का. अकरा मिनिटं बोललो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

राजी दुपारी तीनला आली. आल्या आल्या कपाट उघडून महादेवीच्या, तिच्या अव्वाच्या, साड्या बघत बसली. एक निळी इरकल काढून ठेवली, उद्या नाटकाला नेसते म्हणाली.

जेवण झाल्यावर ताटावरून उठायच्या आत सांगायचं असं ठरवलं होतं. तोंड उघडलं. तीच बोलली.

"अप्पा, एक बरं झालं, अव्वा झोपेत गेली. मला सारखं तेच वाटतं. माझी वाट बघत गेली असती तर मी काय केलं असतं?"

मी आमटी वाढून घेतली.

३० नोव्हेंबर, रविवार. (हे १ तारखेला सकाळी लिहितोय)

प्रयोग सातला. पाचला पोचलो. नटराजाची पूजा, नारळ सलीमने फोडला. राजी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. विंगेतून निळी साडी दिसत होती, चेहरा नाही.

पहिला अंक बरा गेला.

दुसरा अंक. भिगवण बरोबर आलं. इंदापूर बरोबर आलं. लावण्याने विचारलं, "कुठपर्यंत आली?" आणि सलीमचे डोळे वर गेले.

विसरला होता. मला दिसलं. शब्द माझ्या हातात होता, बोट त्यावरच होतं. दिला नाही. वाटलं, हा नाही बोलला तर पुढचंही येणार नाही. सलीम काहीतरी बोलून जाईल, सीन पुढे सरकेल. राजी घरी जाईल.

लावण्याने परत विचारलं. "अहो, कुठपर्यंत आली?" सलीम तिचा हात धरून गप्प.

मग ती मान थोडी वळवून, संहितेत नाही ते बोलली. त्या दिवशी चहाच्या वेळी माझ्याकडून ऐकलेलं, एकदाच. "एल्लितनक बंद्लु?"

मी बोललो. टेंभुर्णी. टेंभुर्णीला थांबलीय, चहाला. हळू बोलायचं असतं. हळू बोललो नाही.

सलीमने तेच उचललं. लावण्या म्हणाली, "एवढा वेळ चहा पितात होय?" लोक हसले. तिसऱ्या रांगेकडे मी बघितलं नाही.

पडदा पडल्यावर टाळ्या बराच वेळ. सर म्हणाले, "काका, पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं की हो." रागाने नाही. लावण्या रंग न पुसताच माझ्याकडे आली, म्हणाली, "काका, सलीमभाई अडकले, मला दुसरं काय सुचेना." मी म्हटलं चांगलं केलंस. खरंच चांगलं केलं तिने.

घरी येऊन राजीने साडी बदलली, घडी घातली, परत कपाटात ठेवली. झोपली. झोपली का ते माहीत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी तिने चहा केला. दोन कप. समोर बसली.

"अप्पा, मी कशातून येत होते?"

कळलं नाही आधी. मग कळलं. म्हटलं, जावईबापूंच्या गाडीतून.

"तेच चालवत होते?"

हो.

"आणि चहाला थांबायचं कोणी म्हटलं? मी?"

तसं काही सांगितलं नव्हतं मी. फक्त थांबलेत म्हटलं.

"अव्वाला तसंच वाटलं असणार. मी चहा पीत बसले असंच." मग बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मला बोलावलं नाहीत ते मी समजू शकते अप्पा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळ होतं पोटात. तिला खोटं सांगितलंत, तेही समजू शकते. पण ती माझ्यावर चिडून गेली. मी निघालेच नव्हते, आणि ती माझ्यावर चिडून गेली."

म्हटलं, चिडली नव्हती गं. तिचं बोलणंच तसं.

"मी ऐकलं ना काल. लोक हसले."

साडेदहाच्या बसने गेली. स्टँडवर मी पिशवी वर दिली. पाया पडली नेहमीसारखी. खिडकी दुसऱ्या बाजूची मिळाली.

गाडी मोहोळलाच आली म्हणालो असतो तर. दारात आली, गाडी लावतायत, जिना चढतायत. एवढं म्हटलं असतं तरी महादेवी ज्या क्षणी गेली त्या क्षणी राजी जिन्यावर असती. मला भीती वाटली, तिने डोळे उघडून बघितलं तर. काय बघायला मिळालं असतं तिला. मीच.

४ डिसेंबर, गुरुवार

राजीचा फोन नाही. मी काल लावला, जावयांनी उचलला. पोचली नीट, बाळाला सर्दी आहे, नंतर करेल म्हणाले. आवाज नेहमीचाच. तिने त्यांना काय सांगितलंय कळलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

निकाल लागला. नाटकाला काही नाही. लावण्याला अभिनयाचं प्रशस्तिपत्र. ते दाखवायला दुपारी घरी आली, सोबत पेढे. उभ्यानेच बोलली.

"ताई बोलल्या का?"

नाही म्हटलं.

"बोलतील." मग म्हणाली, "हे मला घरात लावावं वाटंना काका."

लाव म्हटलं. तू काम केलंस.

सर जानेवारीत नवीन नाटक घेतायत, तुम्हाला बोलावलंय म्हणाली. बघतो म्हटलं. रविवारी चारला राजी बाळ दाखवायला व्हिडिओ कॉल करते. साडेपाचपर्यंत फोन समोर ठेवून बसलो होतो.

९ डिसेंबर, मंगळवार

पीठ संपलं. पोत्यातली ज्वारी दोन किलो काढली, परातीत घेऊन खिडकीशी उजेडात बसलो. यंदा खडे फार आहेत. महादेवी चाळूनही घ्यायची, मला चाळणी सापडली नाही, हातानेच निवडली. पाऊण तास गेला, फोन वाजला नाही. गिरणी पाचला उघडते. डबा घेऊन गेलो, दळून आणलं, पीठ गरम होतं म्हणून झाकण उघडं ठेवलं. परात धुऊन उपडी घातली.