चिंगीचा उजवा पाय

नाशिक,
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चि. रूपालीस,

मामाचे आशीर्वाद. मिळाल्याचं लगेच कळवू नकोस. आधी पत्र पुरतं वाच, मग हे आशीर्वाद ठेवायचे की परत पाठवायचे, ते ठरव.

इकडे सगळं बरं आहे. कोजागरीला मामीनं दूध आटवायला ठेवलं आणि लक्ष ठेवायला मला बसवलं, त्यामुळे निम्मं उतू गेलं. यंदा आठवीत संस्कृत घेणारी एकवीस मुलं आहेत. अठरांना गुण हवेत, तिघांना हिंदीचे सर नको आहेत. बंगळुरूत तू घोडेस्वारी शिकवायला शिकते आहेस. तुझे विद्यार्थी पडले की निदान ओरडत असतील. माझे पडल्या पडल्या झोपतात.

चिंगी मजेत खाते. (मी सौदामिनी सुचवलं होतं, तू चिंगी ठेवलंस. संस्कृतचा एवढा पराभव आठवीनंसुद्धा केलेला नाही.) मखमलाबादच्या ज्या मळ्यात तू तिला ठेवून गेलीस, तिथल्या झेंडूच्या दोन ओळी तिनं ऐन दसऱ्यात फस्त केल्या. मंगलाबाई म्हणाल्या, "मास्तर, लोकं देवाला फुलं वाहत्यात, तुमच्या घोडीनं सोताला वाहून घेतली." रागावल्या नाहीत. उरलेली फुलं बाजारात नेली आणि येताना तिच्यासाठी गाजरं आणली.

पाय मात्र तसाच आहे. पुढचा उजवा.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "बरं मामा, बरं" म्हणतेस आणि मला खोटं बोलणं सोपं जातं. मे महिन्यात मी म्हणालो, पाटाच्या चिखलात ती घसरली, पाय मुरगळला. तू म्हणालीस, "बरं मामा, विश्रांती द्या." दिली. गेल्या आठवड्यात म्हणालीस, मला इथं आणखी दोन वर्षं लागतील, ती आता तीन वर्षांची झाली, पायही बरा झाला असेल, विंचूरचा गोटीराम लग्नाला घोड्या देतो, तो मागतोय तर त्याला द्या, नुसती बांधून राहण्यापेक्षा कामात राहील. यात तुझं काही चुकलं नाही. तुला जेवढं सांगितलं, त्यावरून शहाण्या माणसानं हेच ठरवलं असतं.

सोमवारी डॉक्टर सायली आल्या होत्या. त्यांनी एक्स-रे काढला, बराच वेळ उजेडात धरला आणि विचारलं, "हा पाय मुरगळलेला नाही. हाडांची वाढ पुरी व्हायच्या आत वजन पडलंय. कोण बसलं होतं हिच्यावर?"

मी चष्मा पुसायला घेतला. मंगलाबाई माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर गेल्यावर म्हणाल्या, "मास्तर, पोरीला तुम्ही सांगताय का मी सांगू?"

तर, मी सांगतो.

अकरा मेला आमच्या शाळेतल्या यादव सरांच्या राजचं लग्न होतं, मळ्याजवळच्याच कार्यालयात. मुहूर्त बारा सदतीस. काढलेला मी, लग्न लावणारही मीच. ठरवलेली घोडी सकाळी पोटशूळ होऊन आडवी झाली. नवरदेव घोडीवरून मारुतीला जाऊन आल्याशिवाय त्यांच्यात बोहल्यावर चढत नाही. यादव सर म्हणाले, "गुरुजी, दुसरी घोडी येईपर्यंत थांबू. तासभर उशीर झाला तर काय बिघडलं?" त्यांची तयारी होती. माझी नव्हती. पंचवीस वर्षांत माझा एकही मुहूर्त टळला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता.

मंगलाबाई बाजारात गेल्या होत्या. मी चिंगीला सोडून आणलं.

तू जाताना दोनदा बजावलं होतंस, तीन वर्षांची होईपर्यंत पाठीवर कोणी नको. मी शब्द दिला होता. तू स्वतः एकदाही बसली नाहीस. तिच्या पाठीवर पहिला बसला तो राज. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी, वजन नव्वद किलो. बिचाऱ्याला यातलं काही माहीत नाही.

डांबरी रस्ता, मे महिन्याची दुपार. देवळासमोर डीजे लागला. पोरं म्हणाली, घोडी नाचवा. कोणीतरी लगाम वर खेचला. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढचे पाय रस्त्यावर आदळले. तीनदा. पहिल्या वेळेलाच मी "पुरे" म्हणू शकलो असतो. मी घड्याळ बघत होतो.

लग्न बारा सदतीसला लागलं.

काल गोटीराम मळ्यात आला. मला वाटलं, त्याला खरं सांगावं, म्हणजे तो आपणहून नको म्हणेल आणि तुला काही कळायचं कारण उरणार नाही. बघ, काल दुपारपर्यंत मी पळवाटच शोधत होतो. म्हटलं, "हिचा पाय कायमचा अधू आहे."

"ते ती उभी ऱ्हाती त्याच्यावरूनच कळलं, मास्तर," तो हसला. "इंजेक्शन मारलं का दोन तास लय भारी नाचती. एक सीझन निघाला तरी बास."

"आणि मग?"

"मग काय? लग्न लागल्यावर घोडीकडं कोण बघतं?"

मंगलाबाईंनी त्याला चहा विचारला नाही. त्यांच्या दारात हे पहिल्यांदाच घडलं असेल.

तो एकोणीस तारखेला, रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणालाय. मी नाही म्हटलं, तर म्हणाला, घोडी तुमची नाय, ताईंची हाय; त्यांनी हो म्हटलंय. खरं बोलला.

डॉक्टर म्हणतात, नाचवली तर वर्षभरात तिला उभं राहता येणार नाही. मऊ मातीत मोकळी राहिली, तर फारसं दुखणार नाही. पण पाठीवर कोणी नाही, कधीच नाही. तूसुद्धा नाही. हे वाक्य लिहायला मला सोमवारपासून आजपर्यंत वेळ लागला.

माझं मागणं एवढंच, तिला इथं राहू दे. मंगलाबाई तयार आहेत. शाळेआधी रोज मी जातो, तसा जात राहीन. मी तुला शब्द देतो असं लिहिणार होतो, पण माझ्या शब्दाचं काय झालं ते तू आत्ताच वाचलंस.

माझ्याशी बोलू नयेसं वाटलं, तर मंगलाबाईंना फोन कर. हो की नाही, तेवढंच त्यांना सांग. मी बांधावर असेन. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेल.

तुझ्या आधी तुझ्या घोडीवर दुसऱ्याला बसवणारा,
तुझा मामा