नऊ सह्यांचा कागद

केडगाव, १७ एप्रिल १९४९

प्रिय शांतवन,

पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज हात थांबत नाही. आधी बातमी सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या सॅनिटरी इन्स्पेक्टरांचा संघ झाला! नऊ जण आहोत. दिवाळीत स्थापना झाली तेव्हा मलाही वाटलं होतं, वर्षातून एकदा जमायचं, चहा प्यायचा, हार घालायचे आणि उठायचं. पण गेल्या पंधरवड्यात काय घडलं ते ऐक.

इथे पटकीची लागण झाली. एका आळीत अकरा माणसं आजारी पडली, दोन गेली. घरोघर विचारत फिरलो, तर सगळेच एका कारखान्याचं सोडावॉटर प्यायलेले. तिथे बाटल्या धुणाऱ्या भीमाबाईंनी मला मागच्या अंगाला नेलं आणि संडासाचं पाणी विहिरीत कुठून झिरपतं ते दाखवलं. त्यांची लेकही अंथरुणावर होती. मी त्याच दुपारी विहिरीवर फळ्या ठोकून सील लावलं. मालक वजनदार माणूस. आमच्या खात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं, दोन दिवसांत सील काढा, नाहीतर घरी बसा म्हणाले.

मी सील काढायला निघालोच होतो, खोटं कशाला सांगू. पण घरी सारा ऐकेना. घरी बसावं लागलं तर मी शिवणकाम वाढवीन, म्हणाली, आणि माझ्याकडून सुप्याच्या छगनला चिठ्ठी लिहून घेऊन ती स्वतः एस.टी.च्या कंडक्टरकडे देऊन आली. छगन आमच्या संघाचा चिटणीस. त्याने कुठे कुठे निरोप धाडले देव जाणे, तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे हजर! तो स्वतः सायकलवर, नेवाशाचा गोरक्ष मालाच्या लॉरीत बसून. प्रत्येकाने ती विहीर स्वतंत्रपणे तपासली, आपापला अहवाल लिहिला आणि सील काढू नये अशा एकाच कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. पाण्याच्या बाटल्या घेऊन कानिफनाथ पुण्याच्या प्रयोगशाळेला निघाला, तोही सही करूनच. मग आम्ही आठ जण कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, ही तुमची हद्द नाही, तुमचा इथे संबंध काय? छगन शांतपणे म्हणाला, “साहेब, पटकी हद्द बघत न्हाई. सील काढायचं तर आमा नऊ जणांना घरी बसवा.” साहेबांनी नऊ सह्यांचा तो कागद दोनदा वाचला आणि ठेवून घेतला. सील राहिलं. त्यानंतर चौथ्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं, पाणी दूषित. आज आठवडा झाला, नवा रोगी नाही. भीमाबाईंची लेक काल उठून भाकरी खाऊन गेली, तीही आमच्या ओट्यावर बसून.

शांतवन, चव्वेचाळीस साली तू अशीच एक विहीर बंद केलीस, तेव्हा मी तुझ्याबरोबर होतो. ती घाण मीही पाहिली होती. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी काही पाहिलं नाही असं सांगितलं आणि तुझी नोकरी गेली. तुला वाटलं असेल, गिदोनचं लक्ष नव्हतं. तसं नव्हतं, मी घाबरलो होतो. काल संघाच्या सभेत उभा राहून मी हे सगळं सांगितलं. तुला परत घ्यावं असा अर्ज संघ वर पाठवतो आहे, सोबत माझा जबाब आहे. अर्जावर तुझी सही लागेल. गोरक्ष कागद घेऊन बुधवारी तुझ्याकडे येईल. त्याच्या तोंडून कळण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण सही कर.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझाच
गिदोन