तीन सामन्यांचा आहारतक्ता

दारव्हा,
९ नोव्हेंबर १९६४

प्रिय देवसिंग,

गेल्या महिन्यात यवतमाळच्या एका डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं, म्हणून हे लिहावं लागतं आहे. खेळाडू मुलांसाठी मी केलेला आहारतक्ता जिल्ह्यातल्या इतर वसतिगृहांतही लावावा असं चाललं होतं. छापण्याआधी तो त्यांच्याकडे तपासायला गेला. त्यांनी लाल पेन्सिलीने तो आडवा खोडला आणि खाली लिहिलं, की लागोपाठ सामने असताना मुलांना एवढंच खायला दिलं तर तिसऱ्या दिवशी ती मैदानावर उभी राहणार नाहीत. मी ते वाचलं आणि मला तू दिसलास, गोलापुढे दोन्ही पोटऱ्या धरून पडलेला.

चार वर्षं तू माझ्या वसतिगृहात होतास आणि पांघरुणाची घडी, नखं आणि उशीर याखेरीज मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तेव्हा वर लिहिलेला 'प्रिय' तुला खोटा वाटला तर मी काही म्हणणार नाही. पुढचं मात्र वाच. यातलं काही तुला ठाऊक आहे, काही मुळीच ठाऊक नाही.

बासष्टच्या जानेवारीतली ती स्पर्धा. शनिवारी उपांत्य सामना बरोबरीत सुटला, उजेड संपला म्हणून रविवारी तो पुन्हा खेळवला आणि बाहेरगावचे संघ थांबायला तयार नव्हते म्हणून अंतिम सामना लगेच सोमवारी. तीन दिवसांत तीन सामने. रविवारचे दोन्ही गोल तुझे. रेल्वेच्या संघासाठी मुलं निवडायला आलेले गृहस्थ मुख्याध्यापकांना म्हणाले, की हा मुलगा उद्या असाच खेळला तर मी याला नागपूरला नेतो, नोकरी देतो. हे तुझ्या कानावर गेलं होतं. तुमच्या तांड्यातून पगारावर जाणारा तू पहिला ठरला असतास.

संघाच्या अकरांपैकी पाच जण माझ्या वसतिगृहातले, सहा जण गावात आपापल्या घरी राहणारे. तुम्हा पाचांचं जेवण माझ्या हाती होतं आणि मला त्याचा अभिमान होता. नागपूरला कॉलेजात असताना, म्हणजे एकोणतीस साली, मी आहारशास्त्राची टिपणं काढली होती. ती वही मी अजून जपली आहे. आम्हाला शिकवलं होतं, की खेळाने मांस झिजतं तेव्हा दूध, अंडी, मटणाचा रस्सा द्यावा. भाकरी, भात, गूळ यांनी अंग जड होतं. आणि तापलेल्या अंगावर तासभर पाणी पिऊ द्यायचं नाही. मी त्याचा तक्ता केला, भिंतीवर लावला आणि तुम्हाला दिवसाला अर्ध्या भाकरीवर आणलं. गूळ बंद. शनिवारी सामन्यानंतर तू ताट पुढे करून म्हणालास, "बाई, अजून एक भाकर भेटंल काय?" मी बोटाने भिंतीकडे दाखवलं.

मुख्तार तेव्हा तुला बोलवायला आला होता. तुमचा कप्तान, पण जेवायला घरी. दारातूनच ओरडला, "अबे देवा, चल ना घरी. अम्मीनं डेगभर खिचडा चढवला, तुह्या एकट्याले पुरते." मग माझ्याकडे पाहून, "बाई, तुम्ही बी चला. तुम्ही बी वाळून राह्यल्या." तू हसलास. मी त्याला फाटकाबाहेर घातलं आणि तुला आत.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. रविवारी दुपारी तुझी आई आली होती. डोक्यावर फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, गुळाचा खडा, तिळाची चटणी. चौकीदार मारोतरावांनी तिला फाटकात अडवलं आणि मला बोलावलं. ती म्हणाली, "पोरगं दोन दिसापासून पळून राह्यलं बाई. भाकर देते अन् जाते. काहून अडवता?" मी तिला तक्त्याबद्दल सांगितलं, अंड्यांबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बैल नांगरून आला का त्याले कडबा टाकतो बाई आपण. अंडं नाही टाकत." मारोतराव हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला, की मी फाटकाला कडी घालायला लावली. शाळा न शिकलेल्या बाईने मला, पदवीधर बाईला, चौकीदारासमोर शिकवावं! ती समोरच्या निंबाखाली संध्याकाळपर्यंत बसून होती. निघताना मारोतराव तिला म्हणाले, घेऊन जा घरी, वाया कायले घालवते. ती म्हणाली, "लेकाच्या नावाची भाकर म्या वापस नाही नेत." तिने त्या भाकरी रस्त्यावरच्या एका बंडीच्या बैलांना घातल्या. ती आली होती हे मी तुला सांगितलं नाही. घरचं कुणी आपल्याला विचारायलाही आलं नाही, असं तुला वाटलं असेल. अजूनही वाटत असेल.

सोमवारी तू पूर्वार्धात पळालास. उत्तरार्धात आधी वसतिगृहातली दुसरी दोन मुलं बसली, मग आणखी दोघं, मग तू. चेंडू आपल्या गोलासमोर होता, तू लाथ मारायला पाय उचललास आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. त्यांनी गोल केला. सामना तिथेच गेला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अबे, तांड्याची उतरली नाही वाटते अजून!" आणि लोक हसले. रेल्वेचे गृहस्थ खुर्चीवरून उठले.

देवसिंग, त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं. पडली ती पाचही मुलं माझ्या पंगतीतली. घरी पोटभर जेवलेले सहाही जण शेवटच्या शिट्टीपर्यंत पळत होते. लहान मुलालाही दिसलं असतं. मला वाटलं, माझ्या मुलांनी शिस्त पाळली नाही.

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. रविवारी दिवेलागणीला तुला कुंपणाबाहेर जाताना मारोतरावांनी पाहिलं होतं. मी विचारल्यावर तू म्हणालास, "तहान लागली होती बाई, विहिरीवर गेलतो." तू माझ्याच नियमामुळे तहानलेला होतास आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. मी लिहिलं, की हा विद्यार्थी परवानगीशिवाय बाहेर गेला होता व त्याने मद्यप्राशन केले असावे. गर्दीतल्या एका टवाळाचं बोलणं मी चांगल्या भाषेत उतरवलं, खाली सही केली. तो कागद रेल्वेकडे गेला. तुझं नाव कापलं गेलं. आठ दिवसांत तू मॅट्रिकची परीक्षा न देता निघून गेलास आणि मी हजेरीपटावर तुझ्या नावापुढे रेघ ओढली.

डॉक्टरीणबाईंनी नंतर मला सविस्तर लिहिलं. रोज पळणाऱ्या पायांना रोजचं धान्य लागतं, गूळ लागतो. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ ताबडतोब परत द्यावं लागतं. अंड्या-दुधाने झीज भरते, पण दुसऱ्या दिवशी पळायचं बळ त्यातून येत नाही. वाचताना मला बैल आणि कडबा आठवला. मी मुख्याध्यापकांना नवा खुलासा लिहून दिला आणि रेल्वेला माझा पहिला खुलासा खोटा असल्याचं कळवलं. शनिवारी उत्तर आलं: सदर उमेदवाराची वयोमर्यादा उलटली आहे. तक्ता मी भिंतीवरून काढला. मुलांना आता हवी तेवढी भाकरी मिळते. त्याने तुझं काहीच भरून येत नाही, हे मला कळतं.

मुख्तार आता ट्रकदुरुस्तीचं काम करतो. चांद्याकडे कोळशाच्या खाणीवर तू त्याला भेटलास हे त्याने सांगितलं. तू टोपल्या उचलतोस. खाणीवरची पोरं संध्याकाळी खेळतात आणि तू तोंड फिरवून निघून जातोस. "म्हणते, माह्या पायातच दम नव्हता," मुख्तार म्हणाला. आणि मग मला, हसता हसता थांबून, "बाई, त्याच्या एवढा दम मी कोनातच नाही पाह्यला." त्यानंतर मला नीट झोप नाही. पण माझ्या झोपेचं तू काय करणार?

काल मी तुमच्या तांड्यावर गेले. तुझ्या वडिलांनी, भीमसिंगांनी, बाज टाकली. मी बसले नाही. तुझ्या आईपुढे, रुक्माबाईंपुढे, उभी राहून सगळं सांगितलं. त्या गोधडीला टाके घालत होत्या, थांबल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "मले कायले सांगता बाई? माहा पोरगा पेत नाही, हे मले पहिल्या दिसापासून ठाऊक हाये. त्याले वाटते आपलेच पाय खोटे. त्याले सांगा." एवढंच. मला रागावल्याही नाहीत. म्हणून हे पत्र. माफीसाठी नाही, ती मागण्याचं तोंड मला नाही आणि तू दिलीस तरी तिचा कुणाला उपयोग नाही. तुझे पाय खोटे नव्हते, देवसिंग. तीन दिवस उपाशी ठेवलेल्या पायांवर तू तिसऱ्या सामन्याचा उत्तरार्ध निम्मा पळालास. खोटं होतं ते मी लिहिलेलं. तुला रागानेच सांगायचं असेल तर सांग, पण एकदा घरी ये.

तुझी,
यमुना पांढरीपांडे
वसतिगृहाच्या बाई

मुख्तारच्या हाती देते आहे, आज सकाळी, तो चांद्याला निघताना:
हे पत्र.
मुख्याध्यापकांना दिलेल्या नव्या खुलाशाची सहीची प्रत, एक.
रेल्वेच्या उत्तराची नक्कल, एक.
रुक्माबाईंनी दिलेली गोधडी, एक. शेवटचे टाके त्यांनी मुख्तार त्यांच्या दारात उभा असताना घातले.
तुझ्या उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट, एक. त्यावर पत्ता तांड्याचा घातला आहे. माझा नाही.