रिकामी चौकट

२ मार्च

रुजू झालो एकदाचा. कचेरी म्हणजे एका गोदामाच्या डोक्यावरची, तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली: दोन टेबलं, संगणकाचे तीन पडदे, आणि बाहेर गच्ची, जिथून आमची आठ पाखरं उडतात. (पाखरं हा माझा शब्द. मोठ्या साहेबांसमोर ड्रोन म्हणायचं.) सहा आठवड्यांत अहवाल द्यायचाय. साबण, वह्या, औषधं, चपलांचा जोड असलं रोजचं सामान ड्रोनने घरोघर पोचवणं व्यवहारात जमतं का? उत्तर मला आत्ताच ठाऊक आहे. जमतं. न जमणारं असतं तर मला एवढ्या लांब कशाला धाडलं असतं!

सोबतीला दुरुस्तीचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत. खिशात कायम पाना, म्हणून सगळे त्यांना पानाबाई म्हणतात. अहवाल लिहिणारे याआधी दोघे येऊन गेले, पाखरांचे पंखे मात्र अजून आपल्यालाच पुसावे लागतात, असं त्यांनी ओळख होताच सुनावलं. फटकळ आहेत. आपलं जमेल.

५ मार्च

यंत्राची रीत लिहून ठेवतो, अहवालात कामाला येईल. पाखरू घरावर येऊन थांबतं आणि खाली बघतं. माणूस दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळी चौकट उमटते आणि पाखरू तसाच फोटो काढून सामानासकट परत फिरतं. कुणाच्या टाळक्यात साबणाच्या वड्या पडायला नकोत. जागा मोकळी असेल तर ते खाली उतरतं, दोरीने पुडकं सोडतं आणि पुरावा म्हणून फोटो काढतं.

अडचण अशी की लोक बघायला बाहेर येतात. आज एकवीस फेऱ्यांतल्या नऊ फुकट गेल्या. एका घरी पुडकं वाळत घातलेल्या चादरीत जाऊन बसलं, दुसरीकडे कुत्र्याने पळवलं. खालचा सायकलवाला एका फेरीत चाळीस पुडकी वाटून येतो आणि आमच्या गच्चीकडे बघून कोपरापासून हात जोडतो. पानाबाईंना त्याचं फार कौतुक.

९ मार्च

गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन सामान उतरवायच्या जागा आखल्या. शेवटचं घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. घर बैठं, अंगण नाही, म्हणून सपाट छपरावर खूण केली. वर जायला लाकडी शिडी आहे. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला असते, साडेपाचला घरी येते. पुडकं तीच उतरवेल, बाबांनी शिडीला हातही लावायचा नाही, असं तिने माझ्यादेखत तीनतीनदा बजावलं. मास्तरांनी मान डोलावली आणि तिची पाठ वळताच मला डोळा मारला. पाखरू किती मोठं असतं, त्याला वरून आपण केवढे दिसतो, नाना प्रश्न. मला फार आवडले.

१३ मार्च

मोठ्या साहेबांचा फोन. निम्मी पाखरं सामान घेऊनच परत येणार असतील तर याला घरपोच कोण म्हणेल, असं त्यांनी विचारलं. जेवणानंतर मी माणूस ओळखायची सोयच बंद करून टाकली. एका खुणेचं काम. पंखे घरघरत डोक्यावर आले की बाजूला व्हावं, एवढी अक्कल लोकांना असतेच. संध्याकाळपर्यंत सव्वीसपैकी सव्वीस पोचली. साहेब खूश. पानाबाईंना बोललो नाही.

१६ मार्च

मास्तर गेले.

दोऱ्याची चार रिळं मागवली होती त्यांनी. मुलगी पाच वाजून पन्नास मिनिटांनी घरी आली तेव्हा शिडीच्या पायथ्याशी पडलेले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. बातमी खालच्या सायकलवाल्याने आणली. मग मी फोटो उघडून बघितला.

वेळ पाच वाजून दहा मिनिटं. छपराच्या कडेला शिडीचं टोक, त्यावर दोन हात, आणि वर वळलेला चेहरा. मास्तर हसत होते. पाखरू अगदी त्यांच्या डोक्यावर होतं. त्या पंख्यांचा वारा मला माहीत आहे, गच्चीवरच्या खुर्च्या लोटून देतो.

फोटो निघाला तेव्हा मी दोन हात अंतरावर बसून सव्वीसपैकी सव्वीसचा तक्ता रंगवत होतो. पडद्याकडे बघितलं असतं तर कुणाला तरी लगेच तिकडे धाडता आलं असतं. चाळीस मिनिटं पडून होते ते.

मी फोटो पुसला. बंद केलेली सोय चालू केली. नोंदीत ‘जागा मोकळी’ लिहिलं. चार मिनिटं लागली.

१९ मार्च

मास्तरांच्या घरी भेटून आलो. न जाणं वाईट दिसलं असतं.

मुलगी रडत नव्हती. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. त्या दिवशी दुकानातली एक मैत्रीण नोकरी सोडून चालली होती, तिच्यासाठी चहा होता, म्हणून ही वीस मिनिटं जास्त थांबली. बाबांनी साडेपाचपर्यंत वाट बघितली असणार, मी आले नाही म्हणून स्वतः चढले असणार, असं ती म्हणत होती. मग तिने मला विचारलं की पुडकं किती वाजता टाकलं आणि फोटोत बाबा होते का.

पाच दहाला, छप्पर रिकामं होतं, असं मी सांगितलं.

तिने मान हलवली. म्हणजे तेव्हा ते खालीच होते, असं म्हणाली आणि माझ्यासमोर चहा ठेवला. मी तो प्यालो. तिची वीस मिनिटं नव्हेत, माझी चाळीस आहेत. हे तिथे म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

२३ मार्च

बावीस फेऱ्या, सात परत. कारण: माणूस दिसला. फोटो बघितले. कुठल्याच अंगणात कुणी नाही. रिकाम्या फरशीभोवती पिवळी चौकट, बस्स. पानाबाईंनी कॅमेऱ्यांच्या काचा पुसल्या.

२६ मार्च

वीसपैकी चौदा परत. सगळे फोटो कागदावर काढून टेबलावर मांडले. चौकट कुठेच पूर्ण माणसाएवढी नाही, लहान आहे. दोन हात आणि एक चेहरा मावेल एवढी. आणि दर वेळी कशाच्या तरी कडेला. गच्चीच्या, ओट्याच्या, कुंपणाच्या भिंतीच्या.

तेवीस तारखेची घरं गावाच्या पार टोकाची होती. आजची आमच्या रस्त्यावरची आहेत.

२८ मार्च

यंत्र धडधाकट आहे, असं पानाबाईंनी सांगितलं. मग तेरा तारखेला मी काय बंद केलं होतं ते विचारलं. यंत्र सगळं टिपून ठेवतं, त्यांनी वाचलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट वाटलं. पाना टेबलावर ठेवून एवढंच म्हणाल्या की ती पोरगी जन्मभर त्या वीस मिनिटांत राहील, तिला सांगा. मी उद्या म्हणालो.

३० मार्च

सांगितलं नाही. साहेबांचा फोन आला, ती सोय पुन्हा बंद करा म्हणाले. केली. तरी चौकटी येतातच. बंद असताना कशा येतील— पानाबाईंनाही कळत नाही. त्या आज लवकर गेल्या.

१ एप्रिल

सव्वीसपैकी सव्वीस परत.

शेवटचं पाखरू आमच्याच गच्चीवर उतरेना. वर घिरट्या घालत राहिलं. पडद्यावर आमचा कठडा दिसत होता, आणि कठड्याच्या कडेला चौकट. बाहेर जाऊन बघितलं. तीन मजले सरळसोट भिंत, शिडी नाही, काही नाही. पण कठड्यावर हात ठेवला तर तेवढीच जागा ऊबदार—

आता पुरे. उद्या तिला बोलावतो. पुसलेले फोटो मुख्य कचेरीत महिनाभर राहतात, ते मला पहिल्यापासून माहीत होतं. सोळा तारखेचा फोटो मागवलाय. मास्तर पाच दहालाच वर होते, हे तिने डोळ्यांनी बघावं. मग माझं काय व्हायचं ते होवो.

२ एप्रिल, दुपारी

फोटो आला. उघडला नाही. तिच्यासमोरच उघडेन. पाचला येते म्हणाली. कित्येक दिवसांनी हलकं वाटतंय.

२ एप्रिल, सहा वाजता

आली होती. तिला खुर्ची दिली. फोटो उघडला.

छप्पर. पुडकं. शिडीचं टोक. पाच वाजून दहा मिनिटं.

मास्तर नाहीत.

हात नाहीत, चेहरा नाही. शिडीच्या टोकाभोवती पिवळी चौकट, आत काहीच नाही. सोय बंद होती, तेव्हा चौकट यायचं कारणच—

मी तोंडाने सांगितलं. सगळं. तेरा तारीख, फोटो, हसणारा चेहरा, मी पुसला ते. दोनदा सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत होती पडद्याकडे. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. माझा भार हलका करायला तुम्ही स्वतःवर घेताय, तुमचं मन फार चांगलं आहे, असं म्हणाली. बाबा पाच दहाला वर नव्हतेच, स्वतःच बघितलं आता, निदान शंका तरी फिटली, असं म्हणाली.

माझे आभार मानले तिने.

आत्ता जिना उतरतेय. पावलं ऐकू येतायत.

पाखरं सगळी गच्चीवर बंद आहेत. पडदे बंद आहेत. तरी पंख्यांचा वारा— पानं उडतायत, वही दाबून धरलीय—

खिडकीच्या कडेवर दोन हात आहेत.

खाली शिडी नाही. मी बघितलंय, काहीच नाही तिथे—

चेहरा वर येतोय. हसतायत. रागावलेले नाहीत, मास्तर रागावलेले नाहीत, हेच मला—

मला कशाला दिसता? तिला दिसा. हात जोडतो, एकदा तिला दिसा—

ती रस्त्यावर आलीय. वही घेऊन खिडकीशी उभा आहे. ते इथेच आहेत, माझ्या कोपराला लागून. हाक मारली तिला. थांबली. वर बघितलं. बघ, नीट बघ, इथे बघ—

हात हलवतेय.

मला. फक्त मला