माहा गया सुजून रायला

मी, ज्योत्स्ना देवराव तायडे, वय त्रेसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार अकोला, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. हृदय थकलं आहे, डोकं शाबूत आहे.

कलम १. राहतं घर माझ्या स्वकमाईचं आहे. ते मुलगा सुगत आणि सून भावना यांना समान हक्काने द्यावं. कागदावर भावनाचं नाव आधी लावावं. सुगतने रुसू नये.

कलम २. बँकेतली ठेव भावनाच्या औषधपाण्यासाठी. तिला पाचवा महिना आहे. मे महिन्यात अख्खं अकोला भाजत असताना ती म्हणाली, "आई, कूलर बंद करा ना, मले थंडी वाजून रायली." दवाखान्यात सांगितलं, तर उत्तर आलं, "दोन जिवांची बाई थकणारच." रक्ततपासणी लिहून देईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. थायरॉइडच निघालं.

एवढा हट्ट का, तेही लिहिते. अकोटला नोकरीत असताना मी पहिलटकरीण होते. शिकवायची प्रमाण भाषेत, पण दुखणं घरच्या बोलीतच तोंडात आलं. "डॉक्टरसाहेब, माहा गया सुजून रायला." आम्ही वऱ्हाडात गळ्याला गया म्हणतो. बाहेरून नवे आलेले डॉक्टर हसले. "गयेला जायचंय? आधी बाळंत तर व्हा!" सगळी खोली हसली. गळ्याला कुणी हात लावला नाही. सहाव्या महिन्यात मुलगी पोटातच गेली. माझे यजमान देवराव तिला टॉवेलात गुंडाळून एकटेच घेऊन गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "तुह्यासारखीच होती."

पुढे अमरावतीला आजाराचं नाव कळलं, हेच थायरॉइड; गोळ्या सुरू झाल्या आणि सुगत झाला. मुलगी त्या आजारानेच गेली का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण बघितलं असतं तर?

कलम ३. त्या डॉक्टरांना माझ्याकडून काही नाही. क्षमाही नाही. प्रयत्न केला, जमलं नाही.

कलम ४. दीर नत्थुजी तेव्हा "बाईची नाटकं" म्हणाले होते. त्यांना आरामखुर्ची. बसून विचार करावा.

कलम ५. पुस्तकं अकोटच्या शाळेला. वाचताना पोरं गळ्याला गया म्हणाली तर गुरुजींनी हसू नये.

कलम ६. सुगत, भावनाची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा नंतर. लोहाची गोळी वेगळ्या वेळी. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायची नाही. प्रत्येक तपासणीला तू सोबत जायचं. "आई गेली, आता कोण विचारते" असं म्हणशील, मी तुला ओळखते.

कलम ७. होणाऱ्या बाळाला, मुलगी असो की मुलगा, माझ्या सोन्याच्या बांगड्या. मुलगी झाली तर तिचं नाव भावनाने ठेवावं. माझ्या लेकीसाठी मी एक नाव ठरवलं होतं. ते देवरावांनाही कधी सांगितलं नाही. ते माझ्यासोबत जाऊ द्या.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

सही: ज्योत्स्ना देवराव तायडे

साक्षीदार: १. अनुप भगवंतराव इंगळे, शेजारी (सही)
२. गीतांजली सिरसाट, निवृत्त शिक्षिका (सही)

स्थळ: अकोला
दिनांक: १२ जून २०२५